वेस्टर्ली सेंटॉर : पन्नाशीतली बोट विकत घेण्याआधी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टस्मथ, लँगस्टन आणि चिचेस्टर या तीन खाड्या एकमेकींना लागून आहेत. ओहोटीला त्यांच्या चिखलात ज्या बुटक्या, रुंद, पांढऱ्या बोटी कुठलाही आधार न घेता दोन पायांवर ताठ उभ्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच वेस्टर्ली सेंटॉर असतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाला शिडाच्या बोटीची हौस असेल, आणि चौघांना झोपता येईल, स्वयंपाक करता येईल, हवामान धड असेल तर इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सचा किनाराही गाठता येईल अशी बोट बेताच्या पैशांत हवी असेल, तर जुन्या बोटींच्या बाजारात बहुधा हीच सर्वांत आधी समोर येते. 1970 च्या दशकाच्या मध्यावर बांधलेली अशी एक सेंटॉर मी गेली काही वर्षे लँगस्टनच्या खाडीत ठेवते, तिची डागडुजी बरीचशी स्वतः करते, आणि जे हातून होण्यासारखे नाही ते बोटयार्डाकडून करून घेते. माझे मत आधीच सांगते. बोट उत्तम आहे. पण विकणाऱ्याला दिलेली रक्कम हा फक्त पहिला हप्ता असतो, आणि भाव ठरवताना कील (बोटीच्या तळाखालचे जड लोखंडी पाय) व इंजिन या दोनच गोष्टींकडे पाहावे. नवा रंग, चकचकीत गाद्या आणि जाहिरातीत ठळक छापलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांची किंमत जवळजवळ शून्य धरावी.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण या बोटीचे गुणदोष तिच्या हेतूतून आले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात काम केलेल्या डेनिस रेनर यांनी 1963 मध्ये हँपशरमधील वॉटरलूव्हिल येथे वेस्टर्ली हा कारखाना काढला. मध्यमवर्गीय कुटुंबाला फायबरग्लासची, टिकाऊ आणि उथळ पाण्यात वावरणारी बोट देणे हा त्यांचा उद्देश होता. रेनर 1967 मध्ये वारले. त्यानंतर लॉरंट जाइल्स यांच्या संस्थेने आखलेली सेंटॉर 1969 मध्ये बाजारात आली आणि 1980 पर्यंत तिच्या 2,444 बोटी तयार झाल्या. लांबी 26 फूट, रुंदी साधारण साडेआठ फूट, वजन सुमारे 3 टन, त्यात 1,270 किलो भार दोन ओतीव लोखंडी कीलांचा, आणि एवढे असूनही बोट पाण्यात जेमतेम 3 फूट बुडते. पोर्टस्मथला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक साधारण 4 मीटरचा असतो. अशा किनाऱ्यावर तीन फुटांत तरंगणारी आणि पाणी गेले की सरळ उभी राहणारी बोट ठेवायला मरिना, म्हणजे कायम पाणी असलेली भाड्याची गोदी, लागत नाही. ओहोटीला कोरडी पडणारी स्वस्त जागा पुरते. मरिनातल्या जागेचे वार्षिक भाडे आणि अशा जागेचे भाडे यांत इतके अंतर आहे की ही बोट बाळगणे परवडते ते मुख्यतः त्यामुळेच.

चालण्याच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवाव्यात. मराठी वाचकाला सागरी शिडाची बोट म्हटले की गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ आठवते, कारण 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती 56 फुटांची महासागरी बोट. सेंटॉरचा तिच्याशी काही संबंध नाही. सेंटॉरची पाण्यावरची लांबी 21 फुटांहून थोडी जास्त असल्यामुळे तिचा कमाल वेग साधारण 6 नॉटच्या (ताशी 6 सागरी मैलांच्या) आसपास अडकतो, आणि दिवसभराचा हिशेब 4 ते 5 नॉटनेच करावा लागतो. वाइट बेटाच्या पश्चिम टोकाकडल्या नीडल्स खडकांपासून फ्रान्समधले शेरबूर सुमारे 60 सागरी मैल आहे; म्हणजे बारा-चौदा तासांचा प्रवास, आणि वाटेत मोठ्या जहाजांचा वर्दळीचा मार्ग आडवा येतो. वाऱ्याच्या तोंडावर चढताना ती खोल कीलच्या बोटीपेक्षा जास्त बाजूला सरकते. तरी दोन कीलांच्या इतर जुन्या बोटींच्या मानाने हिचे वागणे बरेच चांगले आहे, कारण तिचे कील किंचित बाहेरच्या बाजूला फाकलेले आहेत, आणि बोट कलली की वाऱ्याखालच्या बाजूचा कील पाण्यात जवळजवळ उभा होऊन चांगली पकड देतो. मुले बरोबर असताना तिचा संथ, समजूतदार स्वभाव मला फार आवडतो. शर्यतीची हौस असलेल्याने मात्र इथेच थांबावे.

आता मुख्य विषय, कील. या बोटीच्या तळाला फायबरग्लासचेच दोन छोटे फुगवटे खाली ओढलेले असतात आणि प्रत्येक लोखंडी कील त्या फुगवट्याला आतून बोल्टांनी आवळलेला असतो. बोट ओहोटीला टेकताना लाट असली, तर ती एकदाच टेकत नाही. पाणी पुरते जाईपर्यंत दर लाटेला उचलली जाते आणि आपटते. प्रत्येक आपटण्यात कीलांची खालची टोके बाहेर फाकू पाहतात आणि सगळा पिळ त्या फुगवट्यांच्या मुळाशी जातो. सुरुवातीच्या बोटींत तिथे आतून आडवे आधार पुरेसे नव्हते, पुढच्या बोटींत ते वाढवण्यात आले. पन्नास वर्षे दिवसातून दोनदा चिखलात उतरलेली बोट आणि आयुष्यभर मरिनात तरंगलेली बोट यांच्या कीलांच्या स्थितीत म्हणूनच जमीनअस्मानाचा फरक पडतो, आणि तो बाहेरच्या रंगावरून कळत नाही.

तो कळण्याची रीत अशी. बोट क्रेनच्या पट्ट्यांवर लटकलेली असताना कीलचे खालचे टोक दोन्ही हातांनी आडवे ढकलावे आणि दुसऱ्या माणसाने सांध्यापाशी डोळा लावून बसावे. मग क्रेनवाल्याला बोट हलकेच जमिनीवर टेकवायला सांगावे, पुन्हा किंचित उचलायला सांगावे, आणि वजन येताना-जाताना सांध्यातली फट उघडते-मिटते का ते बघावे. फुगवट्याच्या मुळाशी केसासारखे तडे, त्यांतून ओघळलेले गंजाचे डाग, आणि आतल्या बाजूला बोल्टांभोवती साचलेले खारे पाणी, यांतले एखादे लक्षण एकटे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. तिन्ही एकत्र दिसली तर विकणाऱ्याशी वेगळ्या भाषेत बोलावे लागते. आतल्या फरश्या उचलून दाखवायला विक्रेता कांकू करत असेल, तर तपासणीचे पैसे वाचवून घरी परतावे.

दुरुस्ती अवघड नाही, पण कष्टाची आणि घाणेरडी आहे. तळाच्या आतल्या बाजूचा जुना रंग आणि चिकट थर घासून मूळ फायबरग्लास उघडे करावे लागते. एका फुगवट्यापासून दुसऱ्यापर्यंत आडव्या फासळ्या बसवून त्यांवर काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी राळेत भिजवून चढवावे लागतात, आणि बोल्टांखाली रुंद, जाड पट्ट्या टाकून भार पसरवावा लागतो. सांधा खरोखर गळत असेल, तर कील उतरवून, लोखंड साफ करून, नव्या पॉलियुरेथेन सीलंटमध्ये पुन्हा बसवण्यावाचून गत्यंतर नसते. माझ्या बोटीतले आधार आधीच्या मालकाने वाढवलेले होते, आणि कामाची छायाचित्रे व बिले त्याने जपून ठेवली होती. त्या फाइलसाठी मी भावात घासाघीस केली नाही, आणि ते पैसे योग्य ठिकाणी गेले असे आजही वाटते. यार्डाकडून हे काम करून घ्यायचे ठरले तर मजुरीच इतकी होते की एकूण खर्च बोटीच्या किमतीच्या आसपास सहज जातो.

कील सोडले तर बाहेरचे कवच हा या बोटीचा सर्वांत भरवशाचा भाग आहे. त्या काळात फायबरग्लास जाड घालत, राळेत काटकसर नसे. जेलकोटखाली, म्हणजे कवचाच्या बाहेरच्या चकचकीत थराखाली, पाणी झिरपून येणारे फोड, ज्यांना सगळे ऑस्मोसिस म्हणतात, ते या वयाच्या बोटींवर दिसतातच. फोड फोडला की आतून व्हिनेगरसारख्या वासाचे पाणी येते. नवखे गिऱ्हाईक ते पाहून पळते आणि अनुभवी गिऱ्हाईक तेच दाखवून भाव पाडते. थोड्या फोडांनी बोट बुडत नाही. संपूर्ण तळाचा जेलकोट सोलून, अनेक आठवडे वाळवून, इपॉक्सीचे थर देण्याचा खर्च या किमतीच्या बोटीवर करावा असे मला वाटत नाही. मोठे फोड तेवढे उघडून, धुऊन, वाळवून, भरून घ्यावेत आणि दर हंगामात नजर ठेवावी.

तळाला शेवाळ आणि बार्नेकल (घट्ट चिकटून बसणारे कवचधारी जीव) धरू नयेत म्हणून लावायच्या रंगाबद्दल एवढेच की कथिलाची संयुगे असलेले जालीम रंग ब्रिटनमध्ये लहान बोटींसाठी 1987 मध्येच बंद झाले आणि आता तांब्यावर आधारलेले रंग दरवर्षी लावावे लागतात. या कामात दोन कीलांची किंमत पाठीला मोजावी लागते. कीलांच्या मधल्या बोळात उताणे पडून, वरून टपकणाऱ्या रंगाखाली, आतल्या बाजू घासणे आणि रंगवणे हे वर्षातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे. आतल्या बाजू नीट न रंगवता फक्त बाहेरून तजेला दिलेली सेंटॉर बाजारात वारंवार दिसते. गिऱ्हाइकाने वाकून पाहावे.

पाण्याच्या पातळीखाली बोटीला जितकी भोके तितक्या झडपा, आणि जुन्या बोटीत प्रत्येक झडप संशयित धरावी. त्या काळच्या ब्रिटिश बोटींवर ब्लेक्स कंपनीचे काशाचे शंकूच्या आकाराचे सीकॉक, म्हणजे अशाच झडपा, पुष्कळदा असतात. ते सुटे करून, घासायच्या पेस्टने जागेवर बसवून, ग्रीस भरले की आणखी अनेक वर्षे चालतात, त्यामुळे सुंदर जुन्या वस्तू उगाच काढून फेकू नयेत. धोका मधल्या काळात कोणीतरी स्वस्तात बसवलेल्या साध्या पितळी झडपांचा असतो. खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त निघून जाते, मागे राहतो तो गुलाबीसर, सच्छिद्र तांब्याचा सांगाडा, आणि तो बाहेरून धड दिसत असला तरी हातोडीच्या हलक्या टोल्याने तुटतो. अशी झडप पाण्यात असताना तुटली तर हाताशी लाकडी खुंटी असावी, म्हणून प्रत्येक झडपेला त्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेवतात. बदलताना कासे, जस्त न सोडणारे खास पितळ किंवा काच-तंतू मिसळलेले प्लॅस्टिक यांपैकी काहीही चालेल. मी प्लॅस्टिकचे निवडले, कारण त्यांना गंज आणि विद्युत-झीज दोन्हींची बाधा होत नाही आणि दांडा हिवाळ्यानंतरही एका हाताने फिरतो.

इंजिन हा दुसरा मोठा खर्च. बहुतेक सेंटॉर वोल्वो पेंटाच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनांसह विकल्या गेल्या. आधी एमडी2बी आणि नंतर 23 अश्वशक्तीचे एमडी11सी. ही इंजिने वजनदार, गोंगाटी आणि विलक्षण चिवट आहेत. डिकंप्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका उचलून हँडल मारून ती हातानेही सुरू करता येतात, हा गुण आजच्या इंजिनांत उरलेला नाही. मर्म शीतकरणात आहे. समुद्राचे पाणी थेट इंजिनाच्या ओतीव लोखंडी गाभ्यातून फिरते, त्यामुळे पन्नास वर्षांत आतल्या वाटा गंज आणि मिठाने भरत येतात. मीठ साचू नये म्हणून थर्मोस्टॅट कमी तापमानाचाच ठेवावा लागतो, आणि इंजिन कायम थंड चालल्याने डिझेल पुरते जळत नाही व काजळी धरते. अंगठ्याएवढ्या नळ्यांतून येणारी पाण्याची धार बारीक झाली की यार्डातले मेकॅनिक ॲसिडने धुऊन काढतात आणि आणखी काही हंगाम मिळतात. गाभ्यालाच छिद्र पडले की गोष्ट तिथे संपते.

जुने इंजिन जपावे की नवे घ्यावे यावर धक्क्यावर कायम वाद चालतो. माझे मत असे की खाडीत आणि सोलेंटच्या (वाइट बेट व इंग्लंडचा किनारा यांमधल्या सामुद्रधुनीच्या) आतच फिरणाऱ्याने चालू असलेले वोल्वो चालू ठेवावे, दर हंगामात पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतले रबरी चक्र), तेल आणि दोन्ही फिल्टर बदलावेत, आणि एक्झॉस्टचा वाकडा तुकडा काढून आत किती काजळी आहे ते पाहावे, कारण तो तुंबला की लोक इंजिनालाच दोष देतात. इंग्लिश खाडी वारंवार ओलांडायची असेल, तर मात्र नवे, बंद गोड्या पाण्याने थंड होणारे इंजिन हवे. सेंटॉरसाठी 20 अश्वशक्ती पुरते. ग्लॉस्टरशरमधील बीटा मरीन ही कंपनी जपानी कुबोटा इंजिनाच्या गाभ्यावर बनवते ते इंजिन मी बसवले. निवडीचे कारण साधे: पंप, डिपस्टिक, तेल काढायची नळी, फिल्टर हे सगळे समोरून किंवा वरून हाताला लागते, आणि जुन्या इंजिनाच्या लाकडी-फायबर बैठकीवर बसतील असे पाय कारखाना मागणीप्रमाणे करून देतो. जुन्याच्या तुलनेत कंप आणि आवाज इतका कमी आहे की सुकाणूवर बसून बोलता येते. तक्रार एकच, आणि ती किमतीची. इंजिन, शाफ्टचे जोडकाम, पाण्यातला नवा पंखा, नवे एक्झॉस्ट आणि यार्डाची मजुरी धरली, तर ज्या बोटीत ते बसते तिच्या किमतीपेक्षा ते जास्त पडते, आणि विकताना त्यातला मोठा भाग परत येत नाही. म्हणूनच कोणी नुकतेच नवे इंजिन बसवलेली सेंटॉर विकत असेल, तर इतर उणिवांकडे थोडी डोळेझाक करून ती घ्यावी.

डोलकाठी ॲल्युमिनियमची असून ती डेकवर उभी असते आणि तिचा दाब खालच्या केबिनमधल्या भिंतीवर व आधारावर जातो. तो आधार दबला आहे का याची सोपी खूण म्हणजे पुढच्या केबिनचे दार. ते चौकटीत अडकत असेल आणि कोणीतरी वरून तासून ठेवले असेल, तर डेक खाली बसला आहे असे समजावे. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस तारांचे आयुष्य बहुतेक विमा कंपन्या 10 वर्षे धरतात. त्यापुढे एक तर बदला म्हणतात किंवा जाणकाराचा दाखला मागतात. तार मधूनच तुटत नाही. ती टोकाच्या दाबलेल्या साच्यात, जिथे पाणी मुरते तिथे, एकेक धागा सोडत जाते. फडक्याने पुसताना धागा अडकला की ती तार त्याच आठवड्यात बदलावी.

जुन्या सेंटॉरमध्ये मोठे शीड लहान करण्यासाठी खालचा आडवा दांडाच फिरवून त्यावर शीड गुंडाळण्याची सोय असे. शीड त्याने बेढब, फुगीर होते आणि नेमके जोराच्या वाऱ्यात, जेव्हा ते सपाट हवे असते, तेव्हा बोट जास्त कलते. तिच्याऐवजी दोरीने खेचून शीड टप्प्याटप्प्याने खाली बांधायची साधी पद्धत बसवणे, हा मी या बोटीवर केलेल्या खर्चांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी बदल ठरला. पुढच्या शिडासाठी गुंडाळणारे फर्लिंग यंत्र बहुतेक बोटींवर आता असतेच. मुले बरोबर असताना कोणाला पुढच्या टोकावर पाठवावे लागत नाही म्हणून ते हवेच.

केबिनमध्ये शिरल्यावर पहिली नजर छताकडे जाते, आणि तिथे वेस्टर्लीच्या मालकांत कुप्रसिद्ध असलेला प्रकार दिसतो. छताला चिकटवलेल्या व्हिनाइलच्या पाठीला फोमचा पातळ थर असे. वयोमानाने तो फोम कुजून बेसनासारखी पिवळी, चिकट भुकटी होते आणि व्हिनाइल झोळीसारखे लोंबू लागते. बोटीच्या सुरक्षिततेशी याचा काहीही संबंध नाही, पण झोपेत भुकटी चेहऱ्यावर पडते आणि पाहुणे नाक मुरडतात. बहुतेक लोक तेच व्हिनाइल नव्याने चिकटवतात. मी पातळ प्लायवूडचे सुटे तक्ते कापडाने मढवून स्क्रूने बसवले, आणि इतरांनाही तेच सुचवेन. डेकवरच्या एखाद्या वस्तूखालून पाणी गळू लागले की एक तक्ता उतरवून नटपर्यंत पोहोचता येते. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी काढून, नवे रबर आणि ब्युटिल टेप घालून परत बसवणे हे एका सप्ताहान्ताचे काम आहे. बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढून गळती लपवलेली असेल तर ते काम करावेच लागणार हे गृहीत धरावे.

स्वयंपाकघर म्हणजे दोन बर्नरची शेगडी, ग्रिल आणि हाताने उपसायचा पाण्याचा नळ. गॅसची बाटली बाहेरच्या कप्प्यात असावी आणि त्या कप्प्याच्या तळाला समुद्रात उघडणारे छिद्र असावे, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बोटीच्या तळात साठून राहतो. जुनी रबरी नळी आणि रेग्युलेटर तारीख न पाहताच बदलावेत. ब्रिटनमध्ये निळ्या बाटलीतला ब्युटेन थंडीत शून्याच्या आसपास वायूरूप होईनासा होतो. ज्यांना मार्चमध्येही बाहेर पडायचे असते त्यांनी लाल बाटलीतला प्रोपेन घ्यावा. आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगते. पोळपाट-लाटणे नेण्याचा अट्टहास सोडावा, जागाच नाही. प्रेशर कुकर मात्र अवश्य न्यावा, कारण झाकण आवळलेले असल्यामुळे बोट हिंदकळली तरी उकळती डाळ कोणाच्या अंगावर सांडत नाही, आणि गॅसही वाचतो. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र केबिनमध्ये हवेच. बंद दारांआड ग्रिल किंवा हीटर चालवणे जिवावर बेतू शकते.

विजेचे काम करताना मी जुनी सर्व वायर काढून टाकली आणि कथिलाचा मुलामा दिलेली नवी ओढली. पन्नास वर्षांत मालकामागून मालकाने जोडलेली उपकरणे, कुठे चिकटपट्टी तर कुठे घरगुती जोडणी, या गुंत्यातून दोष शोधण्यापेक्षा नव्याने सुरुवात करणे स्वस्त पडते. रात्री फक्त शिडावर चालताना डोलकाठीच्या टोकावर लावायचा तिरंगी दिवा जुन्या 25 वॅटच्या बल्बने ताशी 2 अँपिअर-तास खातो, म्हणजे एका रात्रीत वीसेक. तोच दिवा एलईडीचा केला की खर्च दशांशावर येतो. मग शंभर अँपिअर-तासांची साधी शिसे-ॲसिड बॅटरी आणि एक मध्यम सौर पट्टी एवढ्यावर हंगाम निघतो. महाग लिथियम बॅटरी या बोटीवर बसवणाऱ्यांशी माझा वाद नाही, पण त्या पैशांत तारांचा पूर्ण संच येतो.

13.7 मीटरपेक्षा लहान खासगी बोटीला ब्रिटनमध्ये सुरक्षा उपकरणांची कायदेशीर सक्ती जवळजवळ नाही. त्यामुळे काय घ्यायचे याचा निर्णय सर्वस्वी मालकावर येतो, आणि दुकानदार त्याचा फायदा घेतात. माझ्या क्रमात प्रत्येकासाठी नीट बसणारी लाइफजॅकेट आणि बोटीला अडकवून घ्यायचा पट्टा सर्वांत आधी. त्यामागून डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेला 25 वॅटचा व्हीएचएफ रेडिओ, ज्यावर संकटसंदेशाचे लाल बटण असते. आणि इंग्लिश खाडी ओलांडायची असेल तर मोठ्या जहाजांना आपण दिसू असे एआयएस, म्हणजे बोटीचे स्थान आपोआप कळवत राहणारे रेडिओ-यंत्र. टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) जोडायचा, बोट आपोआप दिशेवर ठेवणारा छोटा विजेरी पायलट चैनीचा वाटतो, पण दोनच माणसे असताना तो तिसऱ्या माणसाचे काम करतो. रडार, मोठे रंगीत पडदे, वाऱ्याच्या वेगाचे डिजिटल आकडे यांतले काहीही मी बसवले नाही. टॅबलेटवरचे नकाशे आणि राखीव म्हणून कागदी नकाशा पुरतो.

सुट्या भागांच्या बाबतीत सेंटॉरचे नशीब चांगले आहे. इतक्या मोठ्या संख्येने बोटी बांधल्या गेल्या की प्रत्येक दोष आधी कोणाला तरी येऊन गेलेला असतो, आणि वेस्टर्ली मालकांची संघटना अजूनही चालू असल्याने माहिती मिळते. शिडे शिवणाऱ्यांकडे मापे तयार असतात, खिडक्यांची रबरे मिळतात, तुटलेल्या बोटींचे भाग विक्रीस येतात. त्याच वयाची एखादी दुर्मीळ बोट कितीही देखणी असली, तरी तिच्या एका खिडकीसाठी साचा बनवून घ्यावा लागतो.

एक इशारा फुकट मिळणाऱ्या बोटींबद्दल. ‘फक्त घेऊन जा’ अशी जाहिरात असलेल्या सेंटॉर दर हिवाळ्यात दिसतात. अशी बोट बहुधा यार्डात वर्षानुवर्षे उभी असते, तिच्या नावावर भाड्याची थकबाकी असते, आणि नव्या मालकाकडून ती वसूल करण्याचा प्रयत्न होऊ शकतो. ती दुरुस्त होण्यापलीकडे निघाली तर मोडीत काढण्याचा खर्चही मालकाचाच, कारण फायबरग्लासला कोणी पैसे देत नाही. शिशाच्या कीलच्या बोटीत निदान शिशाची किंमत येते, हिच्या ओतीव लोखंडाला भंगारवाला फारसे विचारत नाही. म्हणून पाहायला जाण्याआधीच यार्डाकडून थकबाकीचा आकडा लेखी घ्यावा. विक्रेत्याकडून मागच्या मालकांच्या विक्रीपत्रांची साखळी आणि मूल्यवर्धित कराबाबतचे कागद मागावेत. ब्रिटनच्या लहान बोटींच्या नोंदवहीतला, म्हणजे एसएसआरचा, क्रमांक दाखवून कोणी मालकी सिद्ध झाल्याचे सांगू लागले, तर ती नोंद मालकीचा पुरावा मानली जात नाही हे त्याला नम्रपणे सांगावे, आणि कागद पुरे होईपर्यंत इसारसुद्धा देऊ नये.